साडेआठला कापलेला पाऊस

पहाटे साडेपाच

पत्र्यावर पाऊस वाजतोय. रात्री अडीचच्या सुमारास लागला, मधे थोडा दमला, आता पुन्हा जोर धरलाय. उत्तरा नक्षत्र चालू आहे. आमच्या पुणतांब्याला जून-जुलैचा पाऊस नावापुरता. घाटमाथ्यावर मोकळे होऊन आलेले ढग इथे नुसती सावली देऊन जातात. विहिरींना पाणी आणायचं काम पूर्वा, उत्तरा आणि हस्ताचं. त्यामुळे सप्टेंबरात रात्री पत्रा वाजू लागला की घरात कुणाला झोप लागत नाही. अण्णा वावरात सोंगून पडलेल्या सोयाबीनचा विचार करत असतात, मी घड्याळ बघत असते.

घड्याळ बघायचं कारण माझं काम. पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी पावसाच्या अंदाजांची पडताळणी करते. काल काय सांगितलं होतं, प्रत्यक्ष किती पडला आणि दोन्हींचा मेळ बसतो का, एवढंच. पावसाळ्यात हे काम गावी बसून करते. साडेपाचला त्यात मान आहे, कारण आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा ग्रीनिचच्या वेळेने रात्रीचे बारा असतात आणि जगभरच्या हवामान मॉडेलांचा दिवस तिथून मोजतात. हवामानाचे फुगे याच सुमारास वर जातात, मॉडेलची नवी फेरी याच क्षणाची हवा धरून चालवली जाते. दुसरी मोठी फेरी संध्याकाळच्या साडेपाचची.

म्हणजे मॉडेलचा आजचा दिवस आत्ता सुरू झाला. सरकारी कॅलेंडरचा मध्यरात्रीच झाला. पंचांगाचा सूर्योदयाला होईल. अंगणातल्या पर्जन्यमापकाचा मात्र कालचाच दिवस चालू आहे, तो संपायला अजून तीन तास आहेत.

सकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटं

अण्णा छत्री घेऊन अंगणात. पर्जन्यमापक सायमन्स पद्धतीचा, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, झाडांपासून आणि घरापासून लांब, मोकळ्यावर. मोजणी बरोबर साडेआठला, कारण भारतीय हवामान विभागाची देशभरची रोजची पावसाची नोंद साडेआठची आहे. ग्रीनिचच्या घड्याळात ते तीन असतात. पाऊस चालू असेल तर घाई करावी लागते: आतली बाटली काढायची, लगेच दुसरी रिकामी बाटली नरसाळ्याखाली ठेवायची आणि भरलेली ओसरीवर आणून सावकाश मोजायची. मोजपात्रात एका वेळी सगळं पाणी मावत नाही, खेपा कराव्या लागतात. पात्र डोळ्यांच्या पातळीला धरायचं आणि पाण्याच्या खोलगट कडेचा तळ वाचायचा.

“एक्केचाळीस पॉइंट सहा,” अण्णा म्हणाले. “लिही.”

वहीत हा आकडा आजच्या तारखेसमोर गेला. बाहेर धो धो पडतच होता.

हे तारखेचं प्रकरण नवख्याला हटकून चकवतं. साडेआठची नोंद ज्या दिवशी घेतली त्या दिवसाच्या नावावर जाते, पाणी मात्र बहुतेक आदल्या दिवशीचं असतं. वर्तमानपत्रात ‘शनिवारी इतके मिलिमीटर’ असं वाचलं तर पुष्कळदा तो शुक्रवारी दुपारी-रात्री पडलेला पाऊस असतो. काही आंतरराष्ट्रीय माहितीसाठे उलट वागतात, दिवस सुरू होतो ती तारीख देतात. दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि तारखा जुळवल्या की काम झालं असं वाटतं, पण ओळी एका दिवसाने सरकलेल्या असतात. माझी यावर साधी युक्ती आहे. अंदाजाची रांग एक दिवस मागे, एक दिवस पुढे सरकवून बघायची. सरकवल्यावर मेळ एकदम सुधारला, तर दोष अंदाजाचा नाही, वहीचा.

पावणेअकरा

पाऊस दहा-चाळीसला उघडला. अण्णांनी न राहवून पुन्हा मोजलं: २७.२.

दोन्ही मिळून ६८.८ मिलिमीटर. रात्री अडीचपासून सकाळी दहा-चाळीसपर्यंत, आठ तासांच्या आसपास. आमच्या भागाच्या मानाने हा दणका आहे. शेजारचे काका चिखल तुडवत आले ते थेट मुद्द्यावरच.

“ताई, अतिवृष्टी झाली ना?”

प्रश्न साधा नाही. एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी होते. मदत नुसत्या आकड्यावर मिळत नाही, पंचनाम्यात ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान दिसावं लागतं. पण पहिली चाळण या ६५ची. हवामान विभागाची ‘जोरदार पाऊस’ ही पायरीही जवळपास तिथेच, ६४.५ला, सुरू होते.

आता हिशेब बघा. साडेआठपर्यंत ४१.६, ते कालच्या चोवीस तासांत गेले. उरलेले २७.२ उद्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचे. दोन्ही ६५च्या खाली. पाऊस एक, ढग तेच, सोयाबीन तेच. वहीत मात्र दोन मध्यम पाऊस. काकांच्या मोबाइलमधलं अॅप मध्यरात्र ते मध्यरात्र दिवस धरतं. त्याने आज सत्तर मिलिमीटर सांगितला होता आणि त्याच्या दिवसाप्रमाणे ते जवळजवळ तंतोतंत बरोबर ठरलं.

“मोबाइलला कळतं ते मंडळाला कळत नाही?” काका.

२०१७च्या जूनमध्ये शेतकरी संपाची सुरुवात ज्या गावातून झाली, त्या गावात असला प्रश्न गप्प बसून ऐकता येत नाही. अण्णांनी त्यांना स्टेशनचा दाखला दिला. आमचं जंक्शन दौंड-मनमाड मार्गावरचं, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. मध्यरात्रीनंतर येणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना तारीख चुकवून आदल्या किंवा दुसऱ्या रात्री फलाटावर येऊन बसलेली माणसं इथे सगळ्यांनी पाहिली आहेत. गाडी आपल्या वेळेला येते, प्रवासीही आलेला असतो, तरी गाठ पडत नाही.

काकांना दाखला पटला. समाधान झालं नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं.

दुपारी बारा

जेवणाआधी मुख्य काम. काल पहाटे साडेपाचच्या फेरीने आजच्या सकाळबद्दल काय म्हटलं होतं?

मॉडेल पाऊस साधारण असा देतं: फेरी सुरू झाल्यापासून आत्तापर्यंत एकूण किती. म्हणजे वाढत जाणारी बेरीज. (काही मॉडेलं ही बेरीज दर सहा तासांनी शून्यावर आणतात, ते तपासलं नाही तर सगळंच मुसळ केरात.) मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक आकडा देतं; आमचं गाव ज्या चौकोनात येतं त्याची कालची बेरीज अशी होती: तीन तासांनंतर ०, चोवीस तासांनंतर १४, सत्तावीस तासांनंतर ३८, तीस तासांनंतर ६६.

‘चोवीस तासांचा अंदाज’ म्हणून कुणीही सहज चोवीसाव्या तासाचा आकडा उचलेल. १४. समोर पर्जन्यमापकाचे ४१.६. निकाल: मॉडेल सपशेल आपटलं, जेमतेम एक तृतीयांश पाऊस दाखवता आला.

पण ते १४ पहाटे साडेपाच ते पहाटे साडेपाच या वेळेचे आहेत. पर्जन्यमापकाचा दिवस साडेआठ ते साडेआठ. तेव्हा सत्तावीस तासांच्या बेरजेतून पहिल्या तीन तासांची बेरीज वजा करायची: ३८ उणे ०. अडतीस आणि ४१.६. इतका चांगला अंदाज आमच्या भागात वर्षात फार वेळा मिळत नाही.

अंदाज तोच, पाऊस तोच. फक्त तीन तास सरकवले. हेच मी सांगत असते आणि हेच बहुतेकांना खरं वाटत नाही. तीन तासांनी असा काय फरक पडणार? कोरड्या पहाटे काहीच पडत नाही. नेमका पाऊस त्या तीन तासांत असला की सगळा निकाल उलटतो.

त्यातून मॉडेलचे आकडे दर तीन तासांनी साठवलेले असतील तरच ही वजाबाकी जमते. सहा तासांनी साठवलेले असले तर वेळा येतात साडेपाच, साडेअकरा, पुन्हा साडेपाच, साडेअकरा. साडेआठ त्यात सापडतच नाही. मग लोक सहा तासांचा पाऊस सरळ अर्धा-अर्धा वाटतात. भिजपावसाला ते एक वेळ चालेल. गडगडाटी ढगाला नाही, तो सहा तासांचा पाऊस चाळीस मिनिटांत ओतून मोकळा होतो. मला विचाराल तर असं वाटून घेण्यापेक्षा त्या दिवसाची तुलना सोडून द्यावी आणि सोडली असं लिहावं.

मॉडेलं आता बारीक होत चालली आहेत. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही मॉडेलप्रणाली मे २०२५मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आधीचा बारा-साडेबाराचा होता. चौकोन लहान झाल्याचा फायदा मोठा आहे, बारा किलोमीटरच्या सरासरीत गावाची सर हरवून जाते. पण चौकोन कितीही बारीक करा, वेळेची कड जुळली नसेल तर ही सगळी मेहनत वाया.

दीड

भाकरी, पिठलं, ठेचा. गोदावरीला पाणी चढलंय म्हणून पोरं घाटाकडे पळाली. ते पाणी आमच्या पावसाचं नव्हे. नाशिककडे धरणं भरली की नांदूर मधमेश्वरवरून सोडलेलं पाणी खाली येतं. ऐन कोरड्या दिवसातही इथे पूर बघितलेला आहे. पडताळणीत नदीची साक्ष काढू नये.

दुपारी अडीच

सायमन्सच्या शेजारी मी एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलाय. आत छोटी दुहेरी पळी असते, ०.२ मिलिमीटर पाणी साठलं की एका बाजूला कलंडते आणि प्रत्येक कलंडणं नोंदलं जातं. राज्यभर महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची जी केंद्रं आहेत, तीही अशी आपोआप नोंद ठेवतात. या यंत्रांमुळे दिवस कुठेही कापता येतो. सोय झाली, आणि घोळ घालायला नव्या जागाही झाल्या.

पहिला घोळ पाटीचा. ‘९:००’ असं लिहिलेल्या ओळीत पाऊस आठ ते नऊचा की नऊ ते दहाचा? काही यंत्रं संपल्याची वेळ लिहितात, काही सुरू झाल्याची. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख कुठेतरी तळटीपेत असतो, किंवा नसतोच. मी मोजपात्रावरून उलटतपासणी करते: साडेआठपर्यंतच्या ओळींची बेरीज अण्णांच्या आकड्याच्या जवळपास आली पाहिजे. आज पाटी संपल्याची धरली तर बेरीज जुळते, सुरुवातीची धरली तर साडेआठच्या आसपासची मुसळधार पंधरा मिनिटं भलत्या दिवसात जातात.

दुसरा घोळ शून्याचा. हवामान विभागाच्या स्वयंचलित केंद्रांवरची पावसाची बेरीज साडेआठला पुन्हा शून्यापासून सुरू होते. खासगी यंत्रं बहुधा मध्यरात्री शून्यावर येतात. दोन्हींचा दुपारी बाराचा आकडा शेजारी ठेवला तर आज एकात २७, दुसऱ्यात ६९.

तिसरा घोळ खास आपला. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे वर अर्ध्या तासाची शेपटी आहे. मॉडेलचा दर तासाचा आकडा आपल्या घड्याळात साडेसहा, साडेसात, साडेआठला पडतो. यंत्र मात्र सात, आठ, नऊला नोंद करतं. तासाची तासाशी तुलना इथे सरळ होऊच शकत नाही, प्रत्येक ओळ अर्ध्या तासाने तिरकी. ज्या देशांची घड्याळं पूर्ण तासांच्या फरकाने चालतात, तिथे लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी वापरली की हे हमखास होतं. उपाय: यंत्राची नोंद पंधरा मिनिटांची ठेवायची आणि तास आपण जोडायचे.

साडेतीन

आता निकालाचा तक्ता. सांगितला आणि पडला, सांगितला पण पडला नाही, न सांगता पडला, नाही म्हटलं आणि नाही पडला. चार घरं.

आमच्यासारख्या पर्जन्यछायेच्या गावात चौथं घर फुगलेलं असतं. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे. रोज डोळे मिटून ‘पाऊस नाही’ म्हणणारा माणूसही भरघोस गुण घेऊन जाईल. ही गंमत जुनी आहे. १८८४मध्ये अमेरिकेत फिनली नावाच्या हवामान अधिकाऱ्याने आपले टोर्नेडो वादळांचे अंदाज ९६ टक्क्यांहून जास्त वेळा खरे ठरल्याचं जाहीर केलं. लगेच गिल्बर्ट नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की रोज नुसतं ‘वादळ नाही’ म्हटलं असतं तर ९८ टक्के मिळाले असते. तेव्हापासून अंदाज तपासणारे चौथ्या घराकडे संशयाने बघतात. कोरडे दिवस बाजूला केले की खरी परीक्षा उरते ती मोजक्या ओल्या दिवसांवर. वेळेची खिडकी चुकली तर फटका बसतो तोही नेमका याच दिवसांना. कोरड्या दिवसात खिडकी कशीही सरकवा, शून्यच.

आजचा दिवस चुकीच्या कडेने मोजला असता तर दुहेरी दंड झाला असता. एका दिवशी ‘न सांगता पडला’, दुसऱ्या दिवशी ‘सांगितला पण पडला नाही’. अंदाजात पाऊस दोन-तीन तास उशिरा दाखवला आणि मधे साडेआठ आले, तरी हेच होतं. दोन तासांची चूक दोन दिवसांची होऊन बसते.

साडेआठची वेळ वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मोजणारा माणूस उजेडात हवा, त्याला रोज जमणारी वेळ हवी. शिवाय आमच्याकडचा परतीच्या दिवसांतला पाऊस बहुधा दुपार कलली की येतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो. मध्यरात्रीची कड धरली तर असे कितीतरी पाऊस मधोमध चिरले जातील. साडेआठला सहसा आभाळ मोकळं असतं. आजच्यासारखी सकाळ विरळा, पण नुकसान तीच करून जाते.

संध्याकाळी साडेपाच

मॉडेलची दुसरी फेरी सुरू व्हायची वेळ. तिचे आकडे रात्री हाती येतील. गल्लीतला एक तरुण विचारायला आला: कांद्याच्या रोपावर उद्या औषध मारू का? त्याला २४ तासांचा आकडा काय कामाचा? फवारणीनंतरचे चार-सहा तास कोरडे मिळाले की त्याचं भागतं. सोयाबीन सोंगायचं असेल त्याला दोन-तीन सलग दिवस हवेत. विम्याला आणि सरकारी मदतीला नियमात लिहिलेला दिवस हवा. खिडकी किती रुंद घ्यायची हे असं विचारणाऱ्याच्या कामावरून ठरायला हवं. बहुतेक अहवालांत ते हाताशी असलेल्या आकड्यांवरून ठरतं.

रुंद खिडकीत अंदाज नेहमीच चांगला दिसतो, हेही विसरायचं नाही. आमच्या पंचांगातलं नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की पाऊस चांगला. चौदा दिवसांत एखादी सर सप्टेंबरात कुठेही येते, आणि सांगितलेलं खरं झाल्यासारखं वाटतं. अण्णा पंचांग वाचतात आणि पर्जन्यमापकही वाचतात, त्यांना यात काही विसंगती वाटत नाही.

रात्री नऊ

पुण्याच्या सहकाऱ्याचा फोन. पाऊस दिवसभरात पुन्हा आला नाही, नव्या फेरीतही रात्रीत काही दिसत नाही.

“मग आजची नोंद काय करू? जोरदार पाऊस झाला की नाही? अंदाज बरोबर की चूक?”

दोन्ही लिही, मी म्हटलं. साडेआठच्या दिवसाने: अंदाज ३८ आणि २८, मोजलेला ४१.६ आणि २७.२, पाऊस मध्यम, अंदाज मध्यम, बरोबर. सरकत्या चोवीस तासांनी, म्हणजे दिवस कुठूनही सुरू करून सर्वाधिक भरेल तिथे धरला तर: अंदाज ६६, मोजलेला ६८.८, पाऊस जोरदार, अंदाज जोरदार, तोही बरोबर. चूक ठरायची एकच तऱ्हा आहे: अंदाज एका कडेने कापायचा आणि पाऊस दुसऱ्या. प्रत्येक आकड्यासमोर सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहायची, भारतीय वेळ की ग्रीनिच तेही लिहायचं.

“दोन रकाने झाले की वरचे लोक विचारतात, खरा कुठला?”

विचारू देत. माझं मत स्पष्ट आहे. माणूस दिवसातून एकदा बाटली मोजत होता तोवर साडेआठशिवाय इलाज नव्हता. मंडळात स्वतः नोंद ठेवणारं यंत्र उभं आहे, तेव्हा नुकसानीच्या हिशेबाला सरकते चोवीस तास धरायला कुठली अडचण आहे? जुन्या नोंदींशी तुलना चालू राहावी म्हणून साडेआठचा आकडा ठेवावाच. पण ६५ची चाळण लावताना त्याच कडेला धरून बसणं हा पाण्यात बुडालेल्या वावरावर अन्याय आहे.

फोन ठेवला तोवर काका कागद घेऊन ओसरीवर बसले होते. तलाठ्याकडे द्यायचा अर्ज. आमच्या वहीला सरकारी किंमत नाही, म्हणून मी मजकूर असा सुचवला: रात्री अडीच ते सकाळी दहा-चाळीस या वेळेतली मंडळाच्या केंद्राची नोंद काढून एकत्र पाहावी आणि शेताचा पंचनामा करावा. काकांना वर ठळक अक्षरांत ‘अतिवृष्टी’ हवं होतं. अण्णांचं म्हणणं, तो शब्द घातला की साडेआठचा आकडा दाखवून अर्ज परत करतील. नुसत्या वेळा घाल, बेरीज त्यांना करू दे. शेवटी काकांनी शब्द घातलाच, पण पुढे कंसात दोन्ही वेळा लिहिल्या.